थडगं एकीकडे, त्यातलं सामान दुसरीकडे: रोमजवळचे एट्रस्कन आणि रोमन अवशेष कोणत्या क्रमाने पाहावेत

आधी प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सांगलीचं एक कुटुंब ऑक्टोबरमध्ये ८ दिवस रोमला येतंय: नवरा-बायको, ७२ वर्षांचे वडील आणि ११ वर्षांची मुलगी. पूर्वी एकदा ते मोठ्या सहलीबरोबर येऊन गेलेत. तेव्हा फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकात, भर उन्हात फिरले, पण "तुटके खांब आणि विटांच्या भिंती, यापलीकडे काही कळलं नाही" असं त्यांनी मोकळेपणाने लिहिलंय. या खेपेला रोमच्याही आधी मध्य इटलीत नांदलेल्या एट्रस्कन लोकांचं काहीतरी नीट पाहायचंय, थोडं रोमनही. विचारलंय ते असं: उत्खनन झालेली ठिकाणं पाहावीत की म्युझियम? दोन्हींना वेळ पुरणार नाही. आणि मुलीचा वेगळा प्रश्न, "याचा आपल्याशी काही संबंध आहे का?"

मी पुण्यात पुरातत्त्व शिकले आणि आता बरीच वर्षं रोममध्ये राहून छोट्या गटांना हीच ठिकाणं दाखवते. "काही कळलं नाही" हे वाक्य मला इतक्या वेळा ऐकायला मिळतं, की त्यात पाहणाऱ्याचा दोष आहे असं मला अजिबात वाटत नाही. अडचण खरी आहे आणि तिला कारण आहे. इथे वस्तू आणि तिची जागा यांची ताटातूट झालेली आहे. थडगं एका गावात, त्यातलं सोनं व्हॅटिकनमध्ये, शवपेटी रोमच्या म्युझियममध्ये, तिची जोडीदार पॅरिसच्या लूव्रमध्ये. भिंत रोमच्या जुन्या बंदरात, ओस्तियात उभी, पण तिच्यावरचा संगमरवर मध्ययुगात भट्टीत जाळून त्याचा चुना केलेला. तुम्ही ठिकाणी गेलात तर पोकळी दिसते, म्युझियमात गेलात तर काचेमागे ओळीने मांडलेलं सामान. दोन अर्धवट गोष्टी वेगवेगळ्या दिवशी पाहिल्या आणि त्यांचा सांधा कुणी जुळवून दिला नाही, तर डोक्यात काही राहत नाही.

म्हणून "ठिकाण की म्युझियम" असा प्रश्नच ठेवू नका. एकच गाव निवडा आणि त्याचे विखुरलेले तुकडे जमतील तेवढे पाहा. आठ दिवसांत पाच एट्रस्कन गावं पायाखाली घालण्यापेक्षा हे कितीतरी जास्त समाधान देतं. माझं गाव ठरलेलं आहे: रोमजवळचं चेर्वेतेरी. का, ते सांगते.

एट्रस्कन लोकांची शहरं आपल्याला फारशी दिसत नाहीत. त्यांची घरं लाकडाची आणि कच्च्या विटांची, त्यामुळे ती विरघळून गेली, आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्यावर रोमन, मग मध्ययुगीन, मग आजची गावं बसली. बोलोन्याजवळच्या मार्झाबोत्तोला आखीव रस्त्यांचं एक अख्खं एट्रस्कन नगर पायाच्या रूपात दिसतं, पण ते तुमच्या वाटेवर नाही. राहिली ती थडगी, कारण ती दगडात कोरलेली होती. चेर्वेतेरीच्या बांदिताच्चा दफनभूमीत हजारो थडगी आहेत आणि ती रस्ते, चौक, आळ्या अशा रचनेत आहेत. ही दफनभूमी आणि तार्क्विनिया या दुसऱ्या एट्रस्कन गावाची मोन्तेरोत्सी दफनभूमी, दोन्ही मिळून २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत आली.

मातीच्या आणि दगडाच्या गोल टेकाडांखाली खोल्या आहेत. इथला दगड म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा बनलेला मऊ तूफा, ताजा असताना लोखंडी हत्याराने सहज निघणारा. त्या कारागिरांनी दगडात काय कोरलं? लाकडी घर. छताची मधली तुळई, तिच्यावरून दोन्ही बाजूंना उतरणारे वासे, दाराच्या चौकटी, खिडक्या, खुर्च्या, पलंग. तुम्ही भाजे किंवा कार्ल्याची लेणी पाहिली असतील तर हे तुम्हाला लगेच ओळखू येईल. तिथेही दगडाच्या कमानीखाली लाकडी फासळ्या आहेत आणि दर्शनी भागात लाकडी सज्ज्यांची दगडी नक्कल आहे. वर पेलायला काहीच नसताना कारागीर तुळई का कोरतो? कारण त्याच्या लेखी तुळईशिवाय घर हे घर नसतं. दोन्हीकडे लाकडी घरं गेली आणि दगडातली नक्कल उरली. माझ्या मते मराठी माणसाला एट्रस्कन थडगं कळायला याहून चांगली पूर्वतयारी नाही.

तिथे गेल्यावर सगळं पाहायचा हट्ट धरू नका. दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या टेकाडापासून सुरुवात करा. त्या एकाच टेकाडात वेगवेगळ्या पिढ्यांची चार थडगी आहेत. सर्वांत जुनं 'झोपडीचं थडगं', इ.स.पू. ७ व्या शतकातलं. त्याचं छत गवताने शाकारलेल्या झोपडीसारखं उतरतं, भिंत आणि छत यांच्यात नीट फरकही नाही. मग त्याच टेकाडातली नंतरची थडगी पाहत जा. खोल्या चौकोनी होतात, दारं रेखीव होतात, पलंग येतात. शेवटचं 'ग्रीक भांड्यांचं थडगं' पाहून बाहेर आलात की एका घराण्याची भरभराट आणि घर बांधायच्या पद्धतीतला बदल तुम्ही पायी चालून पाहिलेला असतो. वाचून हे कळतं, पण चालून जे कळतं ते विसरत नाही. मी मुलांना इथे एकच काम देते: प्रत्येक खोलीत वर बघा आणि छत कशाची नक्कल करतंय ते सांगा. ११ वर्षांच्या मुलीला हे छान जमेल.

पलंगांकडेही लक्ष असू द्या. काही दगडी पलंगांना कोरलेले पाय आहेत, काहींच्या टोकांना घराच्या छपरासारखे त्रिकोण आहेत. पहिले पुरुषांचे, दुसरे स्त्रियांचे, असं साधारण मानलं जातं. थडग्यांच्या दाराबाहेर लहान दगडी खुणाही ठेवत: पुरुषासाठी खांबाच्या आकाराची, स्त्रीसाठी छोट्या घराच्या आकाराची. बाहेरच्या खुणा मोजून आत किती माणसं होती याचा अंदाज येतो.

'उठावचित्रांचं थडगं' मात्र चुकवू नका. ते इ.स.पू. ४ थ्या-३ ऱ्या शतकातलं, मातुना घराण्याचं. उतरायला पायऱ्या आहेत आणि आत जाता येत नाही, काचेतूनच पाहावं लागतं. पण त्याच्या खांबांवर आणि भिंतींवर गिलाव्यात घरातलं सामान उठावात करून रंगवलंय: दोरीचं वेटोळं, सुऱ्या, पळी, शस्त्रं, खेळायचा पट, पलंगावरच्या उशा. बाकी थडग्यांतलं खरं सामान निघून गेलं. इथे ते भिंतीचाच भाग होतं म्हणून जागेवर राहिलं. भरलेलं थडगं कसं दिसत असेल याची कल्पना देणारी बांदिताच्चातली ही सर्वांत चांगली जागा आहे.

एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. ही हिरवळ चढलेली टेकाडं, सावली देणारी झाडं, मोकळे रस्ते हे सगळं जसंच्या तसं प्राचीन नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रानिएरो मेंगारेल्ली यांनी इथे मोठं उत्खनन केलं, टेकाडं मोकळी केली, दुरुस्त केली, झाडं लावली. पुरातत्त्वीय उद्यान हे नेहमीच असं कुणीतरी घडवलेलं असतं. त्यात फसवणूक नाही, पण पाहताना हे ठाऊक असावं.

आता सामान कुठे गेलं? इथे क्रमाचा मुद्दा येतो, आणि माझा अनुभव पक्का आहे: एट्रस्कन बाबतीत ठिकाण आधी, म्युझियम नंतर. थडग्याचा आकार शाबूत आहे, आतलं गेलंय. रिकामा पलंग पाहिलेला माणूस म्युझियममध्ये प्रश्न घेऊन जातो. उलटं केलंत तर आधी शेकडो भांडी पाहून डोळे दमतात आणि नंतरचं थडगं नुसतं भोक वाटतं.

चेर्वेतेरी गावातच, कास्तेल्लो रुस्पोली या जुन्या गढीत, एक लहानसं म्युझियम आहे. तिथे त्याच दिवशी जा. इथे युफ्रोनिओस या अथेन्सच्या चित्रकाराने इ.स.पू. ५१५ च्या सुमारास रंगवलेलं द्राक्षारस आणि पाणी मिसळायचं मोठं भांडं आहे. निद्रा आणि मृत्यू हे दोन देव वीर सार्पेदोनचं रक्ताळलेलं शरीर उचलतायत आणि मध्ये देवांचा दूत हर्मीस उभा आहे. काम असं आहे की पाहतच राहावं. पण त्याची दुसरी कथा मला जास्त महत्त्वाची वाटते. १९७१ मध्ये थडगी फोडणाऱ्या चोरांनी ते चेर्वेतेरीच्या जमिनीतून काढलं. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियमने ते सुमारे १० लाख डॉलरला घेतलं. १९९५ मध्ये जिनिव्हातल्या एका गोदामावर छापा पडला, चोरीच्या मालाचे फोटो आणि कागद सापडले, वाटाघाटी झाल्या आणि २००८ मध्ये भांडं इटलीला परत आलं.

परत आलं, पण पूर्ण नाही आलं. ते कोणत्या पलंगाशेजारी होतं, आत कोण होतं, बरोबर आणखी काय ठेवलं होतं, हे कायमचं गेलं. अथेन्सचं भांडं इथे कसं, असं मुलगी विचारेल. एट्रस्कन लोक अशा भांड्यांचे मोठे गिऱ्हाईक होते. अथेन्सची उत्तमोत्तम भांडी आज अखंड दिसतात त्याचं एक मोठं कारण म्हणजे ती एट्रस्कन थडग्यांत सुरक्षित राहिली. पण थडग्यातलं प्रत्येक भांडं त्या माणसाबद्दल काही सांगत असतं, आणि चोराने काढलेलं भांडं फक्त चित्रकाराबद्दल सांगतं. मला याची हळहळ वाटते आणि मी ती प्रत्येक गटाला बोलून दाखवते. म्हणूनच विनंती: उद्यानात फिरताना पायवाटेवर भाजलेल्या मातीचा तुकडा दिसला तर तो तिथेच राहू द्या. मुलांना तो खिशात घालावासा वाटतो, इथे तो गुन्हाही आहे.

पुढच्या दिवशी रोममधलं विला जुलिया. पोप जुलियस तिसरे यांचा हा १६ व्या शतकातला बंगला, १८८९ पासून एट्रस्कन म्युझियम. खोल्या खूप आहेत आणि कपाटांत भांडी न संपणारी आहेत. सगळं पाहायला गेलात तर तासाभरात वडील बाकावर आणि मुलगी फोनमध्ये. तीन गोष्टी गाठा, बाकी वाटेत दिसेल ते.

पहिली, बांदिताच्चातच १८८१ मध्ये सापडलेली 'पती-पत्नीची शवपेटी', इ.स.पू. ५३०-५२० च्या सुमाराची. भाजलेल्या मातीची, सुमारे ४०० तुकडे जोडून उभी केलेली. जवळजवळ माणसाच्या मापाचं जोडपं मेजवानीच्या पलंगावर टेकून बसलंय, त्याचा हात तिच्या खांद्यावर. काल पाहिलेला रिकामा पलंग आता भरला. तिच्या बोटांकडे पाहा. ती काहीतरी धरून होती आणि ती वस्तू आज नाही. अत्तर ओतत असावी असं बरेच अभ्यासक म्हणतात. ग्रीकांना हे दृश्य भलतंच खटकायचं, कारण त्यांच्याकडे घरंदाज स्त्रिया पुरुषांच्या मेजवानीत बसत नसत. थिओपोम्पस नावाच्या ग्रीक लेखकाने एट्रस्कन बायकांबद्दल बरंच वाईटसाईट लिहून ठेवलंय. ते वाचायचं ते लिहिणाऱ्याचा समाज समजून घेण्यासाठी. एट्रस्कन लेखांत माणसाच्या बापाबरोबर आईचंही नाव येतं, बायकांना स्वतःचं नाव असतं. रोमन बाईला मात्र घराण्याचंच नाव लागायचं.

दुसरी, पिर्जीचे सोन्याचे पत्रे. पिर्जी म्हणजे चेर्वेतेरीचं बंदर. तिथल्या देवळाच्या परिसरात १९६४ मध्ये मास्सिमो पाल्लोत्तिनो यांच्या चमूला गुंडाळी केलेले तीन पत्रे मिळाले, दोन एट्रस्कन भाषेत आणि एक फिनिशियन, म्हणजे भूमध्य समुद्रावरच्या एका व्यापारी समाजाच्या भाषेत. चेर्वेतेरीचा राज्यकर्ता थेफारिए वेलियानास याने उनी देवीला, म्हणजे फिनिशियनांच्या अस्तार्तेला, केलेलं दान त्यात नोंदलंय. काळ इ.स.पू. ५०० च्या आसपासचा. एट्रस्कन लिपी ग्रीकांकडून आलेली असल्याने वाचता येते, भाषा मात्र आसपासच्या कुठल्याही मोठ्या कुळातली नाही, त्यामुळे अर्थ अडतो. म्हणून एकच मजकूर दोन भाषांत सांगणारे हे पत्रे इतके मोलाचे. पत्र्यांच्या कडेची भोकं दाखवा मुलीला, ते खिळ्यांनी ठोकलेले होते.

तिसरी वस्तू चेर्वेतेरीची नाही, पण सोडवत नाही: वेई या शहराचा अपोलो, १९१६ मध्ये सापडलेला, माणसाएवढा, भाजलेल्या मातीचा. तो देवळाच्या आत नव्हता, छताच्या आढ्यावर उभा होता. त्यामुळे समोर उभं राहून पाहू नका. बाजूला जा, थोडं खाली वाका आणि वर पाहा, तेव्हा तो चालत येताना दिसतो. छतावर पुतळे म्हणजे नेमकं काय, हे म्युझियमच्या बागेत कळतं. तिथे अलात्रीच्या देवळाची पूर्ण मापाची प्रतिकृती १९ व्या शतकाच्या अखेरीस बांधलेली आहे. पाहा आणि परत आत जाऊन अपोलोला एकदा भेटा.

व्हॅटिकनला तुम्ही जाणारच असाल, तर तिथल्या ग्रेगोरियन एट्रस्कन विभागात, १८३७ मध्ये स्थापन झालेल्या, चेर्वेतेरीचा तिसरा तुकडा आहे: १८३६ मध्ये उघडलेल्या रेगोलिनी-गालास्सी थडग्याचं सोनं. त्यातला कापड अडकवायचा पिनेसारखा आकडा एवढा मोठा आहे, की रोज वापरायचा दागिना नव्हेच. त्याच्यावरचे सिंह आणि बदकं सोन्याच्या बारीक रव्यांनी रेखलीत. बहुतेक लोक सिस्टिन चॅपेलच्या ओढीने हा विभाग सोडून देतात, त्यामुळे इथे निवांत पाहता येतं. मात्र हा विभाग अधूनमधून बंद असतो, त्या दिवशीची स्थिती दारावर विचारून घ्या.

तार्क्विनिया का नाही, असं विचाराल. रंगवलेली थडगी तिथलीच, सुमारे २००. 'शिकार आणि मासेमारी'च्या थडग्यात खडकावरून पाण्यात सूर मारणारा मुलगा आहे, पक्षी उडतायत, होडीत माणसं आहेत, सगळं इ.स.पू. ६ व्या शतकातलं. ते पाहून माणूस हरखून जातो. पण प्रत्येक थडग्यासाठी उभा जिना उतरायचा, बटण दाबून दिवा लावायचा, काचेतून पाहायचं आणि परत चढायचं. काच हवीच, माणसांच्या श्वासाची दमट हवा रंगांना मारते. वडिलांच्या गुडघ्यांचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, तेव्हा हे तुम्हालाच ठरवावं लागेल. गुडघे साथ देत असतील आणि एक जास्तीचा दिवस निघत असेल तर जा. देत नसतील तर तार्क्विनियाला जाऊन थेट गावातलं म्युझियम गाठा. पालात्सो व्हितेलेस्कीमध्ये 'त्रिक्लिनियम'च्या (मेजवानीच्या खोलीच्या) थडग्याची चित्रं आहेत. थडग्यात ती खराब होत होती म्हणून १९४९ मध्ये भिंतीवरून सोडवून आणली. म्हणजे तार्क्विनियात माझा "ठिकाण आधी" हा नियम लागू पडत नाही, कारण इथे भिंतच म्युझियममध्ये आलीय आणि तुम्ही तिच्याजवळ उभे राहू शकता. देवळावरचे पंखांचे मातीचे घोडेही तिथेच.

आता रोमन बाजू. इथे क्रम बरोबर उलटा: म्युझियम आधी, ठिकाण नंतर. एट्रस्कन थडग्याचं शरीर आहे आणि सामान गेलंय. रोमन इमारतीचं हाड आहे आणि कातडी गेलीय. तुम्ही फोरममध्ये ज्या विटांच्या भिंती पाहिल्यात त्या रोमन माणसाने तशा कधी पाहिल्याच नाहीत. वीट ही आतल्या काँक्रीटची बाजू. तिच्यावर गिलावा, रंग किंवा संगमरवराचे पातळ पत्रे असत. तो गिलावा आधी डोळ्यांत भरून घ्यायला हवा, म्हणजे उघडी भिंत पाहताना तो मनाने चढवता येतो.

त्यासाठी तेर्मिनी स्टेशनसमोरचं पालात्सो मासिमो. वरच्या मजल्यावर सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिच्या प्रिमा पोर्ता इथल्या बंगल्यातली एक अख्खी खोली आहे. चारही भिंतींवर बाग रंगवलेली, डाळिंबं, फळझाडं, पक्षी. मध्ये बाक आहे, बसा. शेजारच्या दालनांत दुसऱ्या एका बंगल्याच्या रंगीत भिंती आणि जमिनीची मोझेक आहेत. बाकी पुतळे नाही पाहिलेत तरी माझी हरकत नाही.

मग ओस्तिया अँतिका. पिरामिदे मेट्रोशेजारच्या पोर्ता सान पाओलो स्थानकातून लोकल गाडी जाते, अर्ध्या तासाच्या आसपास. हे रोमचं बंदर होतं. गाळ साचत गेला, १५५७ च्या पुराने तिबेर नदीनेही पात्र बदललं, आज समुद्र दूर गेलाय. पोम्पेईला जायचा मोह होईल, पण रोममध्ये राहून एका दिवसात पोम्पेई म्हणजे दगदग, आणि तुमच्या कामाचं ओस्तियाच जास्त आहे. इथे कामगारांच्या, दुकानदारांच्या बहुमजली चाळी आहेत, जिने वर जाताना दिसतात. दियानाच्या घराजवळ खाद्यपदार्थांचं दुकान आहे, संगमरवरी कट्टा आणि भिंतीवर रंगवलेली फळं. व्यापाऱ्यांच्या चौकात प्रत्येक पेढीसमोर काळ्या-पांढऱ्या मोझेकमध्ये जहाजं, दीपगृह, आणि आफ्रिकेतल्या साब्राथाच्या व्यापाऱ्यांसमोर हत्ती. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकालाही समजेल अशा पाट्याच त्या.

भिंत वाचायचं थोडं शिकून घ्या, फार सोपं आहे. लहान चौकोनी दगड तिरपे बसवून जाळीसारखी नक्षी दिसत असेल तर ती साधारण इ.स.पू. १ ल्या शतकापासून इ.स. २ ऱ्या शतकापर्यंतची पद्धत. सलग सपाट विटा असतील तर बहुतेक साम्राज्यकाळातली. काही विटांवर शिक्के असतात. इ.स. १२३ चे शिक्के त्या वर्षीच्या कॉन्सलच्या (रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या), पाएतिनुस आणि अप्रोनियानुस यांच्या, नावांसह भरपूर मिळतात. भिंतीत ओळीने लहान भोकं दिसली तर ती बहुधा संगमरवर अडकवायच्या खुंट्यांची. कोलोसियमच्या दगडांमधली मोठी भोकं मात्र मध्ययुगात लोखंडी पकडी उकरून काढल्याची आहेत.

आणि कुठला भाग नंतरचा आहे हेही शोधा. फोरमजवळच्या तितुसच्या कमानीपाशी उभे राहा. १८२० च्या दशकात ज्युसेप्पे व्हालादिए यांनी तिची दुरुस्ती पूर्ण करताना जुन्या संगमरवराच्या जागी मुद्दाम वेगळा, त्राव्हेर्तिनो दगड वापरला आणि खांबांवर उभ्या खाचा कोरल्या नाहीत, म्हणजे जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ते कुणालाही दिसावं. या प्रामाणिकपणासाठी मला ती कमान सगळ्या फोरममध्ये जास्त आवडते. ओस्तियाहून आल्यावर फोरमला फिरून एकदा जा, या वेळी सकाळी लवकर. माझी खात्री आहे की तेच दगड बोलू लागतील.

कापितोलिने म्युझियमला गेलात तर एट्रस्कन आणि रोमन धागे तिथे एकत्र येतात. ज्युपिटरच्या देवळाचा प्रचंड दगडी पाया आत उघडा ठेवलाय. परंपरेनुसार हे देऊळ तार्क्विन या एट्रस्कन घराण्याच्या राजांनी उभारलं आणि त्यातली मूर्ती करायला वेईहून वुल्का नावाचा कारागीर बोलावला, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो. तुमचा अपोलो त्याच वेईचा, त्याच काळातला. तिथलीच, रोमच्या दंतकथेतल्या जुळ्या बाळांना दूध पाजणारी प्रसिद्ध कांस्याची लांडगी मात्र सावधपणे पाहा. ती एट्रस्कन म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकांत छापली गेली. पण तिच्या ओतकामाची पद्धत आणि कार्बन चाचण्या तिला मध्ययुगातली ठरवतात, आणि खालची दोन बाळं तर १५ व्या शतकात जोडलेली आहेत.

थोडक्यात: चेर्वेतेरीचं ठिकाण आणि गावातलं म्युझियम एका दिवशी, विला जुलिया दुसऱ्या दिवशी, व्हॅटिकनला जाल तेव्हा एट्रस्कन विभाग. रोमनसाठी पालात्सो मासिमो, मग ओस्तिया, मग फोरम. मधे एक दिवस पूर्ण मोकळा, तो वडिलांसाठी. चेर्वेतेरीला कॉर्नेलिया मेट्रोपासून बस जाते. रेल्वेचं स्टेशन गावापासून लांब पडतं, आणि दफनभूमीही गावाबाहेर आहे. वडील बरोबर असताना शेवटच्या टप्प्याला टॅक्सी आधी ठरवून ठेवा. बूट चांगले हवेत, तूफा पावसात निसरडा होतो आणि ऑक्टोबरमध्ये पाऊस येतोच.

मुलीचा प्रश्न राहिला. एट्रस्कनांशी आपला थेट संबंध नाही, उगाच जोडायला जाऊ नये. रोमशी मात्र आहे, आणि तो तुमच्या घराजवळ आहे. कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत १९४० च्या दशकात कांस्याच्या वस्तूंचा साठा सापडला. त्यात समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती होती, भूमध्य समुद्राच्या जगातून सातवाहनकाळात आलेली. ती कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियमची आहे. उलट दिशेनेही वस्तू गेल्या. १९३८ मध्ये पोम्पेईत एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, आज ती नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे. तिच्या धाटणीची मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला उत्खननात सापडली, तेरमध्येही. निघायच्या आधी एखाद्या रविवारी मुलीला घेऊन कोल्हापूरला जाऊन या. जाण्यापूर्वी फोन करून पोसायडन मांडलेला आहे ना, ते विचारा.

तारखा नक्की झाल्या की सोमवार कधी येतोय ते कळवा. इथली बरीच सरकारी म्युझियम आणि उद्यानं सोमवारी बंद असतात, त्यामुळे तो दिवस व्हॅटिकनला द्यावा लागेल. महिन्याचा पहिला रविवार सापडला तर सरकारी ठिकाणी प्रवेश फुकट असतो, पण गर्दीही तशीच. त्या दिवशी चेर्वेतेरी गाठा, फोरम नको.